‘मनी’ची रिफ: सातव्या मात्रेनंतर सगळे घसरतात

बेसवाला:
पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ (1973) बसवतोय. रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी बेसची धून, एकट्याने वाजवली की जमते, पण ड्रम्स आले की दोन-तीन फेऱ्यांत कोणीतरी एक मात्रा जास्त घेतं. गिटार सोलोत शिरतानाही तीच बोंब. मोजायचं कसं?

चौथी_तार:
रिफमध्ये सूर आठ आहेत, मात्रा सात. सूर मोजलेत की आठ होणारच. 1 बी, 2 वरचा बी आणि एफ शार्प मिळून, 3 खालचा बी, 4 खालचा एफ शार्प, 5 ए, 6 बी, 7 डी. दुसरी मात्रा अर्धी-अर्धी तोडू नका. तिचे तीन भाग धरा, पहिल्यावर बी, तिसऱ्यावर एफ शार्प. शफल, म्हणजे झुलता ठेका, तिथून येतो. सरळ वाजवलंत तर कवायत वाटते. आणि डीवर रेंगाळू नका, लगेच बी.

तालबद्ध:
चूक बहुतेक ड्रमरची असते, बेसची नाही. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) 1, 3, 5, 7 वर आणि स्नेअर (काठीने वाजणारा खणखणीत ड्रम) 2, 4, 6 वर ठेवायला सांगा. सातव्या आणि पहिल्या मात्रेवर लागोपाठ दोन किक येतात. चार मात्रांची सवय असलेला हात त्यांच्या मध्ये स्नेअर घालतो, तीच तुमची आठवी मात्रा.

मेट्रोनोमला (ठोके देणाऱ्या यंत्राला) सातचा ठोका लावू नका, तो तुमच्या वतीने मोजतो. मिनिटाला 120 मात्रांची लय असेल तर 60 वर ठेवा. एका फेरीत क्लिक 1, 3, 5, 7 वर येईल, पुढच्या फेरीत 2, 4, 6 वर. 14 मात्रांनी पुन्हा पहिलीवर आला, तर तुम्ही बरोबर आहात.

बेसवाला:
सात मात्रांच्या रूपक तालासारखं मोजलं तर?

चौथी_तार:
चालेल, 3-2-2 चक्क बसतं: पहिल्या तीन मात्रा बीभोवती, मग एफ शार्प-ए, बी-डी. फक्त रूपकात सम (पहिली मात्रा) ‘खाली’ची, म्हणजे बिनजोराची असते. इथे पहिला बी दणकून हवा.

सोलोचं म्हणाल तर सॅक्सोफोन सातमध्येच आहे. गिटार सोलो 4/4 मध्ये, म्हणजे चार-चार मात्रांत. मात्रेची लांबी तीच राहते, फक्त मोजणी बदलते, त्यामुळे थांबायचं काहीच कारण नाही. सोलो संपताना सातमध्ये परत येण्याची खूण कोण देणार, ते आधीच ठरवा.

तालबद्ध:
मूळ रेकॉर्डिंगवर क्लिक लावून ताडून बघू नका. त्यात लय पुढे सरकत जाते.