मदत हवी आहे: एक्सेल, पायथन आणि थोडं व्हिडिओ एडिटिंग, 65 हजारांत कोणता लॅपटॉप घ्यावा?

रोजमेळ
नमस्कार मंडळी. काम मुख्यतः जीएसटीचं. खरेदीचं रजिस्टर आणि 2बी (विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) जुळवायच्या एक्सेल शीट, दीड-दोन लाख ओळींच्या, त्यात व्हीलुकअप (दुसऱ्या यादीतून जुळणारी नोंद शोधणारं सूत्र) आणि काही मॅक्रो. टॅलीप्राइम दिवसभर उघडं असतं. पायथन शिकणं चालू आहे, पुढे पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि डॉकर (प्रोग्राम वेगळ्या बंदिस्त जागेत चालवायचं साधन). महिन्याला दोन-तीन व्हिडिओ, फोनवर काढलेले, 1080पी, दहा मिनिटांच्या आतले. बजेट 65 हजार, वजन दोन किलोच्या आत हवं. दुकानदार म्हणतो, आय7 घ्या, 8 जीबी रॅम पुरते. दुसरा पर्याय आय5 आणि 16 जीबी. कुणी मॅकबुक एअर सुचवतंय. आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल का?

कळफलक
मॅकबुकचा विषय आधी मिटवू. टॅलीप्राइम विंडोजवर चालतं आणि मॅकच्या एक्सेलमध्ये पॉवर पिव्हट (मोठ्या तक्त्यांचं विश्लेषण करायची सोय) नाही. तुमच्या कामाला तो बाद.

आता आय7. नुसतं आय5, आय7 बघून काही कळत नाही, पूर्ण नंबर विचारा. आय7-1355यू आणि आय5-1335यू या दोन्हींत दोन मोठे आणि आठ छोटे कोअर (चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत. फरक कमाल वेगाचा, 5.0 आणि 4.6 गिगाहर्ट्झ. याउलट आय5-13420एच मध्ये मोठे कोअर चार. यू म्हणजे 15 वॅटची चिप, एच म्हणजे 45 वॅटची. एच जास्त वेळ जोरात पळते, पण पंखा ऐकू येतो आणि बॅटरी लवकर उतरते. तुमचं काम बहुतेक टेबलावर असेल तर एच घ्या.

रायझनमध्ये (एएमडीच्या चिप) 7000 मालिकेत तिसरा आकडा बघायचा. 7520यू ची रचना झेन 2, म्हणजे 2019 ची. 7530यू झेन 3, 7640एचएस झेन 4. खोक्यावर सगळ्यांना 7000च लिहिलेलं असतं, आणि 7520यू स्वस्तात गळ्यात मारतात. त्याची रॅमही बोर्डावरच सोल्डर केलेली येते, म्हणजे आहे तेवढ्यावर कायमचं भागवायचं.

अर्धविराम
रॅमबद्दल दुकानदाराचं ऐकू नका. विंडोज आणि ब्राउझर मिळूनच चार-पाच जीबी जातात, अंगभूत ग्राफिक्सही त्याच रॅममधून आपला वाटा काढतं. त्यावर टॅली, दोन मोठ्या शीट आणि डॉकर? 16 ही सुरुवात समजा, आणि एक स्लॉट असलेलंच मशीन घ्या.

16 जीबी कशी बसवली आहे तेही विचारा. 8+8 असेल तर दोन्ही चॅनल (रॅमकडे जाण्याच्या वाटा) चालतात. एकच 16 ची पट्टी असेल तर एकच चॅनल, आणि त्याचा फटका अंगभूत ग्राफिक्सला, म्हणजे तुमच्या व्हिडिओला बसतो. इंटेलच्या ज्या चिपवर आयरिस एक्सई असतं, तिथे एका पट्टीवर विंडोज नुसतं यूएचडी ग्राफिक्स दाखवतं. चिप तीच, जोर कमी.

डॉकर टाकल्यावर एक गोष्ट नक्की होईल: डब्ल्यूएसएल 2 (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय, डॉकर तिच्यावर चालतं) मूळ सेटिंगमध्ये निम्म्या रॅमपर्यंत जातं आणि एक्सेल रडायला लागतं. तुमच्या युजर फोल्डरमध्ये डब्ल्यूएसएलकॉन्फिग नावाची फाइल करा (नावाआधी टिंब, शेवटी टीएक्सटी नको), त्यात डब्ल्यूएसएल2 या विभागाखाली मेमरी 5 जीबी लिहा, मग डब्ल्यूएसएल शटडाउन करून पुन्हा सुरू करा.

बाकी दोन लाख ओळींवर व्हीलुकअप अडकतो तो दर वेळी लॅपटॉपमुळे नाही. एक्सेल 2016 किंवा त्याआधीचं असेल तर तंतोतंत जुळणीसाठी ते प्रत्येक वेळी वरून खाली शोधत जातं: दोन लाख गुणिले सरासरी एक लाख, म्हणजे दोन हजार कोटी तुलना. जीएसटीआयएन आणि बिल नंबर जोडून एक की तयार करा आणि पॉवर क्वेरीत (एक्सेलमधलं तक्ते जोडायचं साधन) मर्ज करा. बिल नंबरातल्या मोकळ्या जागा आणि आधीची शून्यं आधी साफ करा, नाहीतर न जुळलेल्यांची यादी उगाच फुगते. शीटमध्ये ऑफसेट आणि इनडायरेक्ट असतील तर काढा, ते प्रत्येक बदलाला पुन्हा मोजले जातात. एक्सेल 64 बिटचं आहे ना तेवढं बघा. मॅक्रो एकाच थ्रेडवर चालतात, तिथे जास्त कोअर असून उपयोग नाही.

घाटमाथा
ग्राफिक्स कार्ड नको. 1080पी साठी अंगभूत पुरतं. कार्डवाल्या मशिनला जड चार्जर आणि कमी बॅटरी मिळते. व्हिडिओ संपादताना अडखळला तर 720पी ची प्रॉक्सी (संपादनापुरती हलकी प्रत) करा.

फोनच्या व्हिडिओत खरी भानगड वेगळीच. बरेच फोन फ्रेमचा वेग बदलता ठेवतात, त्यामुळे एडिटरमध्ये शेवटाकडे आवाज आणि ओठ जुळत नाहीत. हँडब्रेकमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट, 30 निवडून आधी फाइल बदलून घ्या.

रोजमेळ
सगळ्यांचे आभार. दुकानात एक मिळालाय: आय5-13420एच, 8 सोल्डर केलेली + 8 स्लॉटमध्ये, 512 एसएसडी, 15.6 इंच, 250 निट्स (स्क्रीनचा उजेड), 45 टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप). किंमत बजेटात, वजन 1.7 किलो. स्क्रीन चालेल का?

घाटमाथा
आकड्यांना चालेल, रंगांना नाही. 45 टक्के एनटीएससीवर लाल-केशरी फिके दिसतात, मग आपण एडिटिंगमध्ये रंग वाढवत नेतो आणि फोनवर व्हिडिओ भडक दिसतो. रंगांवर हात फिरवणार नसाल तर घ्या, नाहीतर 100 टक्के एसआरजीबी (रंगांचंच दुसरं माप) लिहिलेला शोधा. 1920×1200 चा मिळाला तर 1080 पेक्षा 120 पिक्सेल उंची जास्त. 100 टक्के स्केलवर एक्सेलच्या सहा ओळी वाढतात. मात्र तो 14 इंची असेल तर अंकांचा कीपॅड बहुधा नसतो, तुमच्या कामात तो लागेलच.

कळफलक
रॅमची मांडणी छान आहे. पुढे स्लॉटातली 8 काढून 16 टाकली की 24 होईल. पहिले 16 दोन्ही चॅनलवर, उरलेले 8 एकावर. पट्टी घेताना डीडीआर4 की डीडीआर5 ते बघा, एकाची दुसऱ्यात बसत नाही. खोलण्याआधी वॉरंटीची अट विचारा. बॅटरीचा कनेक्टर काढा, पट्टी तिरकी घालून दाबा, दोन्ही बाजूंचे खटके वाजले पाहिजेत. पहिल्यांदा चालू केल्यावर एखाद-दोन मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. डीडीआर5 मध्ये मेमरी जुळवून घेणं चालू असतं. घाबरून बटण दाबून बंद करू नका.

पैसे देण्याआधी दुकानातच टास्क मॅनेजर उघडून मेमरीचा वेग आणि वापरातले स्लॉट बघा, सिरियल नंबरवरून वॉरंटी कधीपासून धरली आहे ते तपासा, आणि इंजिनिअर तुमच्या तालुक्यात घरी येतो का ते लेखी घ्या. बिलावर तुमचा जीएसटीआयएन टाकून घ्या, हे तुम्हाला सांगायला नकोच.

अर्धविराम
एक राहिलं. विंडोज 11 होममध्येही मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट होते. बायोस अपडेटनंतर किंवा मदरबोर्ड बदलल्यावर 48 आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती खात्यावर जमा झाली आहे का ते पहिल्याच दिवशी बघा आणि कागदावर उतरवून ठेवा.