अर्धस्वयंचलित रायफल घेताना झुकते माप कशाला द्यावे: अचूकतेला की टिकाऊपणाला?

ह्यूस्टनवासी:
गेली दोन वर्षे येथील रेंजवर मित्राच्या रायफलीने सराव केल्यानंतर आता स्वतःची एआर-१५ घ्यायचे ठरवले आहे. दुकानदाराने दोन दाखवल्या. एकीची नळी स्टेनलेस पोलादाची असून १०० यार्डांवर पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरचा त्यांचा पसारा, इंचभरात येतो, असे तो सांगतो. दुसरीच्या नळीला आतून क्रोमचा मुलामा आहे, ग्रुप दोन इंचांचा येतो, पण ती कशीही वापरली तरी चालते म्हणे. पुढील वर्षी मला २००, ३०० आणि ६०० यार्डांच्या हायपॉवर नेमबाजी स्पर्धांत उतरायचे आहे; शिवाय येथील दमट हवेत कपाटातल्या लोखंडाला किती लवकर गंज धरतो, हेही पाहिले आहे. पैसे एकाच रायफलीपुरते आहेत. जाणकारांनी सल्ला द्यावा.

पाच_गोळ्या (ओहायो):
आधी टार्गेटचा कागद पाहावा. ६०० यार्डांवर दहा गुणांचे वर्तुळ १२ इंच व्यासाचे असते. १०० यार्डांवर दोन इंचांचा ग्रुप देणारी रायफल तेथे १२ इंच पसरते, म्हणजे सगळे वर्तुळ तिनेच व्यापले. वाऱ्याचा अंदाज चुकला किंवा श्वास हलला तर त्याची भरपाई करायला जागाच उरत नाही. २०० यार्डांवर वर्तुळ सात इंचांचे आणि ग्रुप चारचा, तेथे निभावते. स्पर्धा खरोखरच करायची असेल तर स्टेनलेसच घ्यावी, कारण नळी शेवटी गाडीच्या टायरसारखी झिजणारीच वस्तू आहे. मात्र हँडगार्ड (नळीभोवतीचा, हाताने धरायचा भाग) फ्री-फ्लोट, म्हणजे नळीला न टेकणारा, आहे ना, हे हात लावून तपासा. स्लिंग (रायफलीचा पट्टा) ताणून नेम धरला की साध्या हँडगार्डमधून तो ताण नळीवर येतो आणि ग्रुप सरकतो.

धातुशास्त्री:
क्रोमची बाजूही मांडली पाहिजे. व्हिएतनाममध्ये सुरुवातीच्या एम-१६ च्या (एआर-१५ च्याच घराण्यातील अमेरिकी लष्करी रायफलीच्या) चेंबरला, म्हणजे नळीतील काडतूस बसण्याच्या जागेला, क्रोम नव्हते, साफसफाईचे साहित्य अपुरे होते आणि काडतुसातील दारूचा प्रकारही बदलला होता; परिणामी रिकामी पुंगळी चेंबरातच अडकून बसे. पुढे चेंबरला क्रोम दिले गेले. क्रोमचा थर उष्णता आणि गंज दोन्ही सोसतो, पण तो सर्वत्र अगदी सारख्या जाडीचा बसवणे अवघड असते आणि अचूकता तेथेच थोडी कमी होते. स्टेनलेसलाही गंज चढतो, फक्त सावकाश, हे विसरू नये.

निवृत्त_हवालदार (सातारा):
आमची उमेदीची वर्षे एसएलआरवर (जुन्या सेल्फ-लोडिंग रायफलीवर) गेली. काजळी साठून रायफल अडखळू लागली की गॅस रेग्युलेटर एकदोन खाचा आवळायचा, पिस्टनला जास्त गॅस मिळायचा आणि फायर पुन्हा सुरू व्हायचा. मात्र तिची नेम धरायची मागची साइट खालच्या बॉडीवर आणि नळी वरच्या बॉडीवर, मध्ये बिजागरी. ती ढिली झाली की झिरो केलेली, म्हणजे नेम जुळवून ठेवलेली, रायफलही दगा द्यायची. तेव्हा नुसते टणकपणावर भाळू नका. आणि गंजाचे म्हणाल, तर फायरनंतर पुलथ्रूला (नळी साफ करायच्या दोरीला) चिंधी बांधून, ती पांढरी बाहेर येईपर्यंत नळी ओढायची आणि मग तेलाचा हलका हात द्यायचा. हे रोज केले तर नळी कोणतीही असो.

ह्यूस्टनवासी:
हवालदारसाहेब, आभारी आहे. मन स्टेनलेसकडे झुकले आहे. पण मॅच नळीचे, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेल्या नळीचे, चेंबर तंग असते, त्यात धूळ गेली की रायफल अडते, असे मित्र म्हणतो. ते खरे का?

पाच_गोळ्या (ओहायो):
फारच तंग असेल तर खरे आहे. चेंबर .२२३ वाइल्ड या मापाचे असल्यास .२२३ बरोबर ५.५६ मिमीची लष्करी काडतुसेही चालतात आणि जड मॅच गोळीही चांगली बसते. बहुतेक नळ्यांवर चेंबरचे नाव कोरलेले असते. ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

ह्यूस्टनवासी:
शनिवारी भिंग घेऊनच दुकानात जातो.