मदत हवी आहे: विमानं वेगवेगळ्या उंचीवरून का उडतात?

चौकस

नमस्कार मंडळी. विमानांचा थेट माग दाखवणाऱ्या ॲपचा नाद लागलाय आणि उंचीचे आकडे बघून डोकं चक्रावलंय. प्रॉपेलरवाली एटीआर ७२ १८-२० हजार फुटांवर. ए३२० आणि ७३७ साधारण ३४ ते ३८ हजारांवर. टीचभर बिझनेस जेट मात्र सगळ्यांच्या डोक्यावरून ४५ हजारांवर! लांब पल्ल्याचं ७७७ आधी ३१ हजारांवर दिसतं आणि काही तासांनी बघावं तर ३७ वर.

'वर हवा विरळ, म्हणून विरोध कमी, म्हणून इंधन वाचतं' हे उत्तर सगळीकडे मिळतं, पण ते गळी उतरत नाही. हवा विरळ असेल तर पंखांना मिळणारी उचलही कमी आणि इंजिनाला मिळणारा ऑक्सिजनही कमी. मग फायदा उरतो कुठे? आणि उरत असेल तर सगळेच ४५ हजारांवर का जात नाहीत?

शिवाय पूर्वेकडे जाणारी विमानं ३५, ३७ अशी विषम हजारांवर आणि उलट दिशेची ३४, ३६ वर दिसतात. हा नियम आहे का? जाणकारांनी सांगावं. सूत्रं शाळेतल्या भौतिकशास्त्रापुरतीच झेपतील.

नकाशेवाला

शेवटचं आधी घेतो, कारण ते सोपं आहे. हो, नियमच आहे. चुंबकीय दिशा ० ते १७९ अंश असेल तर विषम, १८० ते ३५९ असेल तर सम. समोरासमोर येणाऱ्या दोघांत त्यामुळे हजार फुटांचं अंतर आपोआप राहतं. पूर्वी २९ हजारांच्या वर हे अंतर दोन हजार ठेवावं लागे, कारण तिथे उंचीमापकं तितकी भरवशाची नव्हती. उपकरणं सुधारल्यावर ४१ हजारांपर्यंत ते हजारावर आलं. सुरुवात १९९७ मध्ये उत्तर अटलांटिकवर झाली.

चीनवरून जाणारी विमानं बघा, ३२,१०० किंवा ३४,१०० असे विचित्र आकडे दिसतील. तिथे उंची मीटरमध्ये ठरते.

थ्रॉटल

तुमची शंका रास्त आहे. ते छापील उत्तर अर्धवटच आहे.

विमान सरळ उडतंय म्हणजे उचल वजनाइतकी. हवा विरळ झाली तर तेवढीच उचल मिळवायला वेग वाढवावा लागतो. पायलटचा मीटर समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग दाखवतो, म्हणून ३७ हजारांवर त्यावर २५० नॉट (सागरी मैल/तास) दिसत असतात, पण खरा वेग ४५० च्या आसपास असतो. गंमत अशी की मीटरवरचा वेग तोच असेल, तर हवेचा विरोधही ढोबळमानाने तेवढाच राहतो. म्हणजे 'वर विरोध कमी' हे वाक्य नीट म्हणायचं तर 'तेवढ्याच विरोधात जवळजवळ दुप्पट वेग'. तुमचा फायदा इथे दडलाय.

आता इंजिन. वर त्याचा जोर घटतो, हे बरोबर. पण जेट इंजिन जमीन सोडतानाच्या जोरासाठी बनवलेलं असतं. तेवढा जोर खाली क्रूझला (एका उंचीवर स्थिर उडताना) नकोच असतो, मग ते मंद चालवावं लागतं आणि मंद चालताना ते इंधन उधळतं. वर ते आपल्या सोयीच्या फेऱ्यांवर चालतं, आत येणारी हवाही थंड असते. प्रमाण वातावरणात (हिशोबासाठी धरलेल्या सरासरी हवामानात) ३६ हजारांवर उणे ५६ अंश! त्याच्या वर मात्र तापमान बराच काळ तेवढंच राहतं, त्यामुळे थंडीचा वाढीव लाभ तिथे संपतो.

चौकस

अच्छा! 'तेवढ्याच विरोधात जास्त वेग' हे पटलं. मग अडतं कुठे?

थ्रॉटल

वजनावर. जितकं वर जाल आणि जितकं वजन जास्त, तितका स्टॉल (पंखांची उचल अचानक ढासळणं) टाळायला लागणारा किमान वेग वाढतो, आणि ध्वनिवेगाच्या जवळ गेल्यावर पंखावर धक्कालहरी तयार होतात, म्हणून कमाल वेगाला वरून कात्री लागते. दोन्ही मर्यादा जवळ येत जातात. या चिमट्याला वैमानिक 'कॉफिन कॉर्नर' म्हणतात. ७० हजारांच्या वर उडणाऱ्या यू-२ या अमेरिकी हेरविमानाला जेमतेम काही नॉटांचीच मोकळीक असते. इंधनाने भरलेलं ७७७ सुरुवातीला ३७ वर जाऊच शकत नाही. इंधन जळेल तसं ते टप्प्याटप्प्याने चढतं. बिझनेस जेटला वजनाच्या मानाने भरपूर जोर असतो, म्हणून ती आरामात वर जातात.

दुसरी अडचण केबिनची. आत ६ ते ८ हजार फुटांइतका दाब राखावा लागतो. वर जाल तितका आतबाहेरचा फरक वाढतो, मग सांगाडा जास्त मजबूत आणि अर्थातच जड हवा.

नकाशेवाला

एटीआरबद्दल कुणीच बोललं नाही. प्रॉपेलरच्या टोकाचा वेग ध्वनिवेगाजवळ गेला की त्याची कार्यक्षमता ढासळते, म्हणून ते विमान ५०० किमी/तास या टप्प्यातच बरं. शिवाय त्याचे मार्ग छोटे. जेटला ३५ हजारांवरून उतरायला साधारण २०० किमी लागतात. ३०० किमीच्या प्रवासात तिथे चढून करायचं काय?

आणि एखादं विमान मध्येच दोन हजार फूट खाली आलेलं दिसलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा वरचे हेलकावे टाळायचे असतात, नाहीतर खालच्या थरात समोरचा वारा कमी असतो.