एमजीबीचे जुळे एसयू कार्बोरेटर: सुरुवात कुठून करू?

रविवारचा मेकॅनिक: मंडळी, मी बर्मिंगहॅमला असतो. गेल्या वर्षी १९६७ ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतली, १७९८ सीसी, दोन एसयू एचएस४ कार्बोरेटर. आयडलिंगला थरथरते, रेस दिली की आधी ढेकर देते. पुढचे दोन प्लग काळे, मागचे दोन पांढरेफटक. व्हिडिओ बघून दोन्ही जेट-नट (पेट्रोल कमी-जास्त करणारे) फिरवले, आता मूळ जागा आठवत नाही. हे काढून वेबर कार्बोरेटर घालून मोकळा होऊ का?

अर्धा इंची पाना: वेबर राहू द्या. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग पॉइंट आणि टायमिंग (ठिणगीची वेळ), कार्बोरेटर शेवटी. आपण सगळे उलटं करतो, कारण कार्बोरेटरचे ते दोन चकचकीत घुमट समोर दिसतात.

मूळ जागा आठवायची गरजच नाही. घुमट आणि त्यांच्यातले पिस्टन (इंजिनाचे नव्हे) काढा (खुणा करून, एकाचा पिस्टन दुसऱ्यात घालू नका). जेट ब्रिजच्या (पिस्टनखालच्या आडव्या कट्ट्याच्या) पातळीत येईपर्यंत नट वर, तिथून नटाचे १२ पैलू, म्हणजे दोन फेरे, खाली. जोडणी करून इंजिन तापवा. थ्रॉटल जोडणाऱ्या दांड्याचे क्लॅम्प सैल करा, नाहीतर एका बाजूचा आयडल स्क्रू फिरवला की दोन्हीकडे हलतं. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. स्क्रू फिरवून दोन्हीकडची फुसफुस सारखी झाली की मगच मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण). कार्बोरेटरच्या उचल-पिनने पिस्टन जेमतेम १ मिमी उचला. आरपीएम वाढून तसेच राहिले तर पेट्रोल जास्त, नट वर. इंजिन बसू लागलं तर नट खाली. किंचित वाढून जागेवर आलं की थांबा. एका वेळी एकच पैलू!

धूरवाला: हे सगळं करण्याआधी मागच्या थ्रॉटलचा दांडा बोटांनी हलवून बघा. मागचा कार्बोरेटर ३ आणि ४ नंबरच्या सिलिंडरना पुरवतो, तुमचे पांढरे प्लग तेच. दांडा झिजला की तिथून हवा ओढतो, मग नट कितीही फिरवा. चालू इंजिनवर टोकांशी कार्ब क्लीनर थेंबभर फवारा. आरपीएम बदलले तर चोर तोच. खाली एक्झॉस्ट तापलेला असतो, जपून. डॅशपॉटमध्ये (घुमटातल्या तेलाच्या नळीत) तेल आहे ना? २० नंबरचं.

रविवारचा मेकॅनिक: दांडा खडखडतोय! आणि दोन्ही डॅशपॉट कोरडे ठणठणीत. तेल घातल्यावर ढेकर निम्मा झाला. नवे दांडे, बुश (दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) मागवलेत. बुशांसाठी भोकं घरीच मोठी करू का?

अर्धा इंची पाना: नको, मशीन शॉपला द्या. भोक तिरकं गेलं तर बटरफ्लाय (दांड्यावरची थ्रॉटलची चकती) अडकेल, आणि अडकेल तेही उघडा असताना.