ओटीपोटात दुखतंय असा रात्री फोन आला, तर आधी काय विचारायचं?

घणसोली_आशा
नमस्कार. घणसोली गावठाण आणि बाजूच्या चाळींतून रात्री ‘ओटीपोटात दुखतंय, सकाळी दाखवलं तर चालेल का?’ असे फोन येतात. तोवर घरातली मेफ्टाल स्पास ही पोटदुखीची गोळी घेऊन झालेली असते, पोट शेकूनही झालेलं असतं. फोनवर पोट दाबून बघता येत नाही. मग काय विचारायचं, आणि कोणत्या उत्तरावर ‘आत्ताच निघा’ म्हणायचं?

सर्जरी_कळवा
ताई, ‘कुठे दुखतंय’ एवढंच विचारू नका. ‘सुरू कुठे झालं आणि आता कुठे आलंय’ असं विचारा. अपेंडिक्सचं दुखणं पुष्कळदा बेंबीभोवती मोघम सुरू होतं आणि गॅस समजून सोडून दिलं जातं. आतड्याच्या नसांना नेमकी जागा सांगता येत नाही. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की माणूस उजवीकडे खाली बोट ठेवून दाखवतो. याला साधारण १२ ते २४ तास लागतात. अन्नावरची वासना उडते, उमासे येतात, अंग किंचित तापतं. उलट्या-जुलाब आधी आणि दुखणं नंतर, असा क्रम असेल तर बहुधा पोट बिघडलेलं असतं. बहुधा म्हणतोय, नेहमी नाही.

फोनवर करता येईल अशी एक तपासणी आहे. चवड्यांवर उभं राहून टाचा एकदम जमिनीवर टेकवायला सांगा. उजवीकडे खाली सणक आली, खोकल्याने तिथेच दुखलं, किंवा रिक्षा गतिरोधकावरून गेली की कळ येते असं सांगितलं, तर सकाळची वाट बघू नका.

सगळ्यात फसवी वेळ म्हणजे दीड-दोन दिवस वाढत गेलेलं दुखणं अचानक हलकं होणं. अपेंडिक्स फुटलं की आतला ताण जातो आणि काही काळ बरं वाटतं. मग पोट फळीसारखं कडक होतं, ताप चढतो. संशय असेल तर एरंडेल नको, एनिमा नको, शेकही नको. ऑपरेशन लागू शकतं, म्हणून निघताना खाणंपिणं बंद.

वेदनाशामक गोळीने डॉक्टरांची तपासणी बिघडते, ही जुनी समजूत आता धरत नाहीत. धोका वेगळा आहे. गोळीने तीन-चार तास बरं वाटतं, घर झोपतं आणि रात्र वाया जाते. गोळीचं नाव आणि वेळ लिहून ठेवायला सांगा. कोणी तपासल्याशिवाय दुसरी गोळी नको.

स्त्रीरोग_वाशी
पाळी येणाऱ्या प्रत्येक मुलीला-बाईला शेवटच्या पाळीची तारीख विचारायचीच. आणि त्यापुढे, ‘ती नेहमीसारखी होती का?’ गर्भाशयाऐवजी गर्भनळीत राहिलेल्या गर्भामुळे होणारं थोडं थोडं रक्त हीच पाळी, असं समजलं जातं. ‘पाळी येऊन गेली’ या उत्तरावर थांबलात तर हाच रुग्ण हातून सुटतो. फोन स्पीकरवर असेल तर आधी तो बंद करायला सांगा. सासू ऐकत असताना खरी तारीख कळत नाही.

पाळी चुकून दोन-तीन आठवडे झालेत, एका बाजूला दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, आडवं झाल्यावर खांद्याच्या टोकाशी दुखतं: १०८ लावा. खांदा दुखतो तो पोटात साठलेलं रक्त श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याला, टोचतं म्हणून. नसबंदी किंवा कॉपर टी असली म्हणून निर्धास्त राहू नका. त्यात गर्भ क्वचितच राहतो, पण राहिला तर नळीत असण्याची शक्यता जास्त. गरोदरपणाची कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह आणि पोटात दुखतंय, तर त्याच रात्री दाखवायचं. चक्कर येत असेल तर कार्डासाठीही थांबू नका.

अचानक, एका बाजूला, उलटीसकट आलेली असह्य कळ म्हणजे अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. पीळ लवकर सोडवला तर अंडाशय वाचतो. पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी एका बाजूला हलकं दुखून एक-दोन दिवसांत थांबलं, ताप नाही, तर ते बीज सुटण्याचं. दुर्गंधीचं पांढरं जातंय आणि तापही आहे, तर गर्भाशय-नळ्यांचा जंतुसंसर्ग. त्याला उशीर केला तर नळ्या बंद होतात.

घणसोली_आशा
मॅडम, सर, खूप उपयोग होईल. पुरुषांचं आणि म्हाताऱ्या माणसांचं काय?

अपघातविभाग_सिस्टर
मुलगा दहा-बारा ते वीसच्या आतला असेल तर ‘खाली, गोटीत दुखतंय का?’ असं सरळ विचारा. लाजेने मुलं पोटच सांगतात. वृषणाला पीळ पडला तर साधारण ६ तासांत सोडवावा लागतो.

वयस्कर पुरुषाला ‘शेवटची लघवी कधी आणि किती झाली?’ विचारा. थेंब थेंब होतेय आणि ओटीपोट फुगलंय, तर लघवी तुंबलीय, नळी घालावी लागेल. मेफ्टाल स्पासमधल्या डायसायक्लोमिनने हे तुंबणं वाढतं, सर्दीच्या काही गोळ्यांनीही. जांघेतला हर्निया आत जाईनासा झाला, कडक झाला, दुखू लागला, तर तो दाबून आत ढकलू नका, लगेच आणा. साठीच्या पुढे नव्याने उठलेलं जोराचं दुखणं असेल तर त्याच रात्री.

मुतखड्याचा माणूस एका जागी पडून राहू शकत नाही, कळ कंबरेतून जांघेत उतरते. अपेंडिक्सचा मात्र हलायला नको म्हणतो. खड्याबरोबर थंडी वाजून ताप आला तर थांबायचं नाही. नुसती लघवीची जळजळ, ताप-उलटी नाही, गरोदर नाही, तर सकाळी चालेल. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवीचा नमुना द्यायला सांगा. पहिली धार सोडून, मधली.

निघण्याआधी रुग्णालयात फोन करून रात्री सोनोग्राफी आणि सर्जन आहेत का, एवढं विचारा. रिपोर्टमध्ये ‘अपेंडिक्स दिसलं नाही’ असं आलं, तर त्याचा अर्थ ‘अपेंडिक्स ठीक आहे’ असा नव्हे. गॅसमुळे ते बऱ्याचदा दिसतच नाही. घरी पाठवलं तर पुन्हा किती तासांनी तपासायला यायचं, हे डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्या.