विमान सापडलं नाही, मग गणित चुकलं का?

धागाकर्ता:
८ मार्च २०१४ रोजी मलेशिया एअरलाइन्सचं एमएच ३७० हे विमान २३९ माणसांसह बेपत्ता झालं. हाती राहिले ते उपग्रहाशी साधारण तासातासाने झालेले मोजके संकेत. ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण शास्त्रज्ञांनी त्यांना बेझची संभाव्यता, म्हणजे नवा पुरावा मिळेल तसा अंदाज बदलत नेण्याचं गणित, लावली. विमान किती वेळा वळेल, किती वेगाने जाईल हे गृहीत धरून असंख्य मार्ग आखले, संकेतांशी न जुळणाऱ्यांचं वजन उतरवलं आणि उरलेले मार्ग हिंदी महासागरात जिथे संपतात तो पट्टा रंगवला. १,२०,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ तपासून जानेवारी २०१७मध्ये शोध थांबला. हाती काही लागलं नाही. मला हे अंदाजावर चढवलेलं टक्केवारीचं रंगकाम वाटतं. वाट पाहणाऱ्या घरच्यांना असा पट्टा दाखवणं मला पटत नाही.

प्रतिसाद १:
अजिबात सहमत नाही. एअर फ्रान्स ४४७ आठवा. १ जून २००९ला अटलांटिकमध्ये पडलं, २२८ माणसं गेली, जवळपास दोन वर्षं समुद्रतळावरचे अवशेष मिळेनात. मग आधीचे सगळे फसलेले शोध हिशेबात धरून नवा नकाशा केला. एप्रिल २०११मध्ये, नवी मोहीम सुरू झाल्यावर आठवडाभरात, सुमारे ३,९०० मीटर खोलीवर अवशेष दिसले.
फसलेला शोध वाया जात नाही. समजा, नकाशाच्या एका चौकटीत विमान असण्याची शक्यता २० टक्के, आणि तिथे असलंच तर उपकरणाला ते ९० टक्के वेळा सापडतं. शोधूनही मिळालं नाही, तर त्या चौकटीची शक्यता २.४ टक्क्यांवर येते आणि बाकीच्या चौकटींची वाढते. इतकं साधं आहे.

धागाकर्ता:
तुमच्याच उदाहरणात माझा मुद्दा आहे! ते ९० टक्के आले कुठून? ४४७च्या वेळी ब्लॅक बॉक्सच्या बीकनचा (पाण्याखाली ठिकाण कळावं म्हणून आवाज सोडणाऱ्या यंत्राचा) आवाज ऐकू आला नाही, म्हणून शेवटच्या ठिकाणाजवळचा भाग जवळपास बाद झाला होता. विमान तिथेच होतं. बीकन बंद असतील तर तुमचे २० टक्के २०च राहतात, २.४ होत नाहीत.

प्रतिसाद २:
दोघेही एक गोष्ट सोडताय. एमएच ३७०चा नकाशा एकाच जागी गोठला नव्हता. जुलै २०१५मध्ये रियुनियन बेटावर पंखाचा तुकडा मिळाला, प्रवाहांचा अभ्यास झाला आणि २०१६अखेर उत्तरेकडचा २५,००० चौरस किलोमीटरचा भाग सुचवला गेला. २०१८मध्ये आणखी १,१२,००० चौरस किलोमीटरहून जास्त तळ तपासला. तरी विमान मिळालं नाही, हे मान्य.

धागाकर्ता:
मग निदान पट्ट्याशेजारी लिहा: अमुक गृहीतक खोटं निघालं तर पट्टा कुठे सरकेल. तेवढं केलं तर माझी तक्रार अर्धी होईल.

प्रतिसाद १:
हे मात्र शंभर टक्के मान्य. आणि ४४७साठी ते केलंही होतं: दोन्ही बीकन निकामी झाले असं धरून वेगळा नकाशा. अवशेष त्या नकाशातल्या सर्वाधिक शक्यतेच्या भागात मिळाले.