स्पेनच्या नागरिकत्वाची शपथ घ्यायचीये, पण "राजाशी निष्ठा" म्हणजे नेमकं काय?

अबोली_वालेन्सिया

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. आम्ही वालेन्सियात राहतो, यंदा अकरावं वर्ष. भारतीयांना इथे 10 वर्षं कायदेशीर राहिल्यावर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, तो आता करायचाय आणि त्यासाठी सीसीएसई नावाची, स्पेनची घटना आणि समाज यांच्या माहितीची परीक्षा द्यावी लागते. 25 प्रश्न असतात, 15 बरोबर आले की पास. 300 प्रश्नांची एक पुस्तिका आहे, त्यातलेच येतात. रात्री ओटा आवरला की मी आणि लेक ती घेऊन बसतो, तो विचारतो मी उत्तर देते.

पाठ झालंय हो सगळं, पण डोक्यात बसत नाहीये. राजा कायद्यांना मंजुरी देतो, राजा पंतप्रधान नेमतो, राजा संसद बरखास्त करतो, सैन्याचा सर्वोच्च प्रमुखही राजाच. आणि घटनेच्या पहिल्याच कलमात म्हटलंय की सार्वभौमत्व जनतेचं आहे आणि देशाची राजकीय पद्धत "संसदीय राजेशाही" आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं? उद्या राजाने एखाद्या कायद्यावर सही करायला नाही म्हटलं तर? नवरा म्हणतो तो नावापुरता आहे, सोड. पण नावापुरत्या माणसाशी निष्ठेची शपथ कशाला घ्यायला लावतात?

कारण खरं टोचतंय ते हेच. शेवटी शपथ घ्यावी लागते की राजाशी निष्ठा राखीन आणि राज्यघटना व कायदे पाळीन. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणजे भारताचा पासपोर्ट जमा करायचा आणि दुसऱ्या देशात जाऊन राजाचं नाव घ्यायचं. आमचे आजोबा औंध संस्थानातले, प्रजा होते ते नागरिक झाले आणि ते फार अभिमानाने सांगायचे. मला ती शपथ नुसती पुटपुटायची नाहीये, समजून घ्यायचीये. कोणी कायद्यातलं जाणकार असेल तर प्लीज सांगा.

जुनाजाणता

ताई, प्रश्न फार चांगला विचारलात. 30 वर्षं वकिली केली, घटनात्मक कायदा हा आवडीचा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्याची किल्ली एका शब्दात आहे, प्रतिस्वाक्षरी. स्पॅनिशमध्ये रेफ्रेंदो म्हणतात. तुम्ही राजाच्या अधिकारांची यादी पाठ केलीत ती कलम 62. पण ती कलम 56 आणि 64 शिवाय वाचली की माणूस फसतो. 56 म्हणतं की राजाच्या कृतीवर दुसऱ्या जबाबदार माणसाची सही नसेल तर ती कृती वैधच नाही. आणि 64 म्हणतं की ती दुसरी सही पंतप्रधानाची किंवा संबंधित मंत्र्याची, आणि जो सही करेल जबाबदारी त्याची. म्हणजे निर्णय सरकारचा, जाब संसदेने विचारायचा तोही सरकारला, राजाच्या सहीने फक्त तो निर्णय "राज्याचा" होतो.

एक करून बघा. इथलं सरकारी राजपत्र, बोए, रोज ऑनलाइन निघतं. त्यातला कुठलाही शाही हुकूमनामा उघडा आणि थेट खाली जा. तिथे "फेलिपे आर." असं दिसेल (आर म्हणजे रेय, राजा) आणि त्याच्याच खाली पंतप्रधानाचं किंवा मंत्र्याचं पूर्ण नाव. वरचं नाव वाचून पुढे जाऊ नका, सत्ता खालच्या नावाकडे आहे. आणि 16 नोव्हेंबर 2023 चा हुकूम काढा, पेद्रो सांचेझना पंतप्रधान नेमल्याचा. त्याखाली सांचेझांची सही नाही, मंत्र्याचीही नाही, लोकसभेच्या म्हणजे काँग्रेसच्या अध्यक्षा फ्रान्सिना आर्मेनगोल यांची आहे. कारण पंतप्रधानाने स्वतःच्याच नेमणुकीला जबाबदार राहणं बरोबर नाही, सभागृहाने निवडलंय तर सभागृहाच्या अध्यक्षाने सही करायची. हे बारकावे पाहिले की मला अजूनही भरून येतं, किती विचार करून लिहिलंय लोकांनी.

प्रतिस्वाक्षरीशिवाय राजाला एकट्याने करता येण्यासारखं घटनेत काय आहे? स्वतःच्या महालातली माणसं नेमणं. कलम 65. एवढंच.

आपल्याकडचं कलम 74 आठवा, राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागायचं. साचा तोच आहे. उलट कायद्यांच्या बाबतीत आपल्या राष्ट्रपतींना कागदावर जास्त मोकळीक आहे, ते कलम 111 खाली विधेयक एकदा परत पाठवू शकतात आणि सहीला मुदत नाही, म्हणूनच झैलसिंगांनी 1986 चं पोस्टाचं विधेयक तसंच ठेवून दिलं. स्पेनच्या राजाला 91 कलमाने 15 दिवस दिलेत, परत पाठवायची सोयच नाही.

भटक्या_माद्रिद

काकांनी मूळ सांगितलंच आहे, मी फक्त पंतप्रधान नेमण्याबद्दल लिहितो कारण तिथेच थोडीशी जागा राजाला उरते आणि तिथेच सगळे गोंधळ होतात. मी इथे पॉलिटिकल सायन्स शिकतोय, त्यामुळे हे रोजचं झालंय.

कलम 99. निवडणूक झाली की राजा पक्षांच्या प्रतिनिधींना एकेक करून भेटतो आणि काँग्रेसच्या अध्यक्षामार्फत उमेदवार सुचवतो. नुसता सुचवतो, नेमत नाही. मग तो उमेदवार सभागृहात कार्यक्रम मांडतो, मतदान होतं, 350 पैकी 176 मिळाले तर झाला. नाही मिळाले तर 48 तासांनी पुन्हा मतदान, तेव्हा फक्त विरोधापेक्षा बाजूची मतं जास्त हवीत. 7 जानेवारी 2020 ला सांचेझ 167 विरुद्ध 165 असे आले, 18 जण तटस्थ, दोन मतांनी सरकार बनलं. आणि पहिल्या मतदानापासून दोन महिन्यांत कोणीच निवडून आलं नाही तर संसद आपोआप बरखास्त, परत निवडणूक.

मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे बहुमत आधी सिद्ध होतं, शपथ नंतर. 2019 मध्ये आपल्याकडे 23 नोव्हेंबरला पहाटे राष्ट्रपती राजवट उठवून सकाळी शपथविधी झाला आणि बहुमत चाचणीसाठी सुप्रीम कोर्टात जावं लागलं, तो प्रकार इथे होऊच शकत नाही कारण मतदान झाल्याशिवाय राजाकडे शपथेला जाताच येत नाही.

पण भोक आहे एक. डिसेंबर 2015 च्या निवडणुकीनंतर राजाने तेव्हाचे पंतप्रधान राहोय यांना विचारलं, त्यांचे 123 खासदार, सगळ्यात मोठा पक्ष, आणि ते जानेवारीत म्हणाले माझ्याकडे मतं नाहीत, मी उभा राहत नाही. आता दोन महिन्यांचं घड्याळ पहिल्या मतदानापासून सुरू होतं, मतदानच नाही तर घड्याळही नाही, म्हणजे कागदावर बघितलं तर देश अनंत काळ लटकू शकला असता. शेवटी 90 खासदारांवर सांचेझ उभे राहिले, मार्चमध्ये दोनदा हरले, पण त्या हरण्यामुळे घड्याळ सुरू झालं आणि जूनमध्ये पुन्हा निवडणूक झाली. घटना लिहिणाऱ्यांच्या डोक्यात हे आलंच नव्हतं की कोणी पंतप्रधानपदाची संधी नाकारेल.

2023 ला राजाने आधी फेइहोंना सुचवलं, त्यांचा पक्ष 137 वर सगळ्यात मोठा होता. ते 172 विरुद्ध 178 हरले, मग सांचेझना सुचवलं आणि ते 179 मतांनी आले. दोन्ही वेळा राजाने अंदाज लावला नाही, सभागृहाला ठरवू दिलं. मला हेच बरोबर वाटतं.

आणि हो, अविश्वास ठराव आणायचा तर त्यातच पुढचा पंतप्रधान कोण ते नाव लिहावं लागतं, कलम 113. 1 जून 2018 ला पंतप्रधान राहोय असेच गेले, 180 विरुद्ध 169, आणि त्याच मतदानाने सांचेझ आले. आपल्याकडे एप्रिल 1999 ला वाजपेयी एका मताने पडले, 269 विरुद्ध 270, पाडायला सगळे एकत्र पण पुढचं सरकार कोणालाच बनवता आलं नाही आणि देश परत मतदानाला गेला. इथला नियम असता तर ते सरकार पडलंच नसतं.

अबोली_वालेन्सिया

बापरे, किती छान समजावलंत दोघांनी. राजपत्र उघडून पाहिलं, खालचं नाव खरंच तिथे आहे, लेकालाही दाखवलं.

पण मग माझ्या ऑफिसमधली एक मैत्रीण, ती कॅटलोनिया वेगळं करण्याच्या चळवळीतल्या लोकांना माफी देणाऱ्या कायद्यावर फार चिडलेली होती, ती म्हणायची राजाने सहीच करायला नको होती, तो देशाच्या एकतेचं प्रतीक आहे ना. तिचं चूक का?

जुनाजाणता

राग समजू शकतो ताई, पण मागणी चुकीच्या दारात होती. माफीचा कायदा 30 मे 2024 ला काँग्रेसमध्ये 177 विरुद्ध 172 ने पास झाला, राजाने सही केली आणि 11 जूनला राजपत्रात आला. कायदा घटनेत बसतो का हे बघायला घटना न्यायालय आहे, तिथे प्रकरण गेलंही. राजाला ते बघायचा हक्क दिलेला नाही. कायद्याच्या वर राजाच्या नावाने जे वाक्य छापतात त्याचा अर्थच असा की कोर्तेसनी, म्हणजे इथल्या संसदेने, हे मंजूर केलंय आणि मी मान्यता देतोय. आज तुमच्या आवडीच्या कारणासाठी सही अडवली तर उद्या नावडीच्या कारणासाठीही अडवेल, मग निवडणुकीत मत देऊन काय उपयोग?

बेल्जियममध्ये हे खरोखर घडलंय. 1990 ला राजा बोदुआँ गर्भपाताच्या कायद्यावर सही करेना, त्याच्या मनाला पटत नव्हतं, मूलबाळ नसलेला धार्मिक माणूस. सरकारने त्याच्या संमतीने 4 एप्रिलला तो राज्य करायला असमर्थ असल्याचं जाहीर केलं, मंत्र्यांनी मिळून कायद्यावर सही केली, आणि दुसऱ्या दिवशी संसदेने त्याला परत गादीवर बसवलं. कायदा थांबला नाही. माणसाच्या सद्सद्विवेकाचा मानही राखला गेला, पण खुर्ची दीड दिवस बाजूला ठेवून.

तर्कट_नाशिककर

सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडं दुसरं लिहितो. प्रतिस्वाक्षरी ठीक, पण त्याच 56 कलमात राजा "अनुल्लंघनीय" आहे, म्हणजे त्याच्यावर खटलाच चालत नाही. सरकारी कामाबद्दल समजू शकतो, तिथे मंत्री जबाबदार असतो. पण खासगी पैशाच्या व्यवहाराला कोण मंत्री सही करतो? फेलिपेचे वडील, आधीचे राजे हुआन कार्लोस, यांच्या बाबतीत सरकारी वकिलांनी 2022 ला चौकशी बंद केली, त्यातलं एक कारण हेच की 2014 ला पदत्याग करेपर्यंतच्या गोष्टींना हे कवच आहे. जबाबदारी दुसऱ्याची म्हणून राजा मोकळा, असं तत्त्व असेल तर जिथे दुसरा कोणी जबाबदारच नाही तिथेही राजा मोकळा का?

आणि दुसरं म्हणजे कलम 57, मुलगा मुलीच्या आधी. फेलिपेला दोन मोठ्या बहिणी आहेत. याच घटनेचं कलम 14 म्हणतं लिंगावरून भेदभाव नको.

जुनाजाणता

नाशिककर, पहिल्या मुद्द्यावर मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. कवच पदासाठी असावं, खिशासाठी नाही. इथल्या बऱ्याच घटनातज्ज्ञांचंही तेच म्हणणं आहे.

दुसऱ्याचं मात्र कारण वेगळं आहे. राजाबद्दलचा भाग बदलायला कलम 168 लागतं: दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश, मग संसद बरखास्त, नवी निवडणूक, नव्या संसदेत परत दोन तृतीयांश, आणि वर सार्वमत. 1978 पासून घटना तीनदाच बदलली, 1992, 2011 आणि 2024, आणि तिन्ही वेळा सोप्या वाटेने. सार्वमत घेतलं की लोक राजेशाही हवी की नको यावरच मत देतील ही धास्तीही आहे. सध्या वारस लिओनोर आहे, तिला भाऊ नाही, म्हणून निकड कोणाला वाटत नाही, पण चूक ती चूकच.

भटक्या_माद्रिद

23 फेब्रुवारी 1981 चा लष्करी बंडाचा प्रयत्न राहिला की. संसद इमारतीला भेट देता येते ताई, लेकाला नक्की घेऊन जा, छताला गोळ्यांच्या खुणा अजून ठेवल्यात. लेफ्टनंट कर्नल तेहेरो सभागृहात घुसला तेव्हा नव्या पंतप्रधानासाठीच मतदान चालू होतं, म्हणजे अख्खं सरकार आणि सगळे खासदार ओलीस. मग प्रतिस्वाक्षरी करणार कोण? रात्री एकनंतर तेव्हाचा राजा हुआन कार्लोस गणवेशात टीव्हीवर आला आणि सैन्याला घटनात्मक व्यवस्था पाळायचे आदेश दिल्याचं सांगितलं. आमच्या वर्गात यावर दोन तास वाद झाला, त्याने अधिकार वापरला की ओलांडला. माझं मत असं की तो स्वतःसाठी काही घेत नव्हता, ज्यांच्या सह्या लागतात त्यांना सोडवत होता.

कृष्णाकाठ

अबोलीताई, औंधचं नाव वाचलं म्हणून लिहितेय, माहेर तिकडचंच. तुमच्या आजोबांच्या औंधात 1939 ला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने स्वराज्याची घटना केली, स्वतःचे अधिकार गावपंचायतीपासून वर निवडून आलेल्यांच्या हाती दिले. तेव्हा राजा आणि घटना एकत्र हे तुमच्या घराला परकं नाही.

शपथेबद्दल मला एवढंच कळतं, राजाने आधी कोणाची शपथ घेतलीये ते बघा.

जुनाजाणता

कृष्णाकाठ यांनी नेमकं बोट ठेवलं. कलम 61. गादीवर येताना राजाला कोर्तेससमोर शपथ घ्यावी लागते की घटना पाळीन, इतरांना पाळायला लावीन आणि नागरिकांचे हक्क जपेन. फेलिपेंनी 19 जून 2014 ला घेतली, लिओनोरने 18 वर्षांची झाली त्या दिवशी, 31 ऑक्टोबर 2023 ला. म्हणजे तुम्ही ज्याच्याशी निष्ठेचं वचन देताय तो आधीच तुमच्या हक्कांना बांधलेला आहे. ती निष्ठा फेलिपे नावाच्या माणसाशी नाही, हुकूमनाम्याच्या तळाशी दोन सह्या लागतात त्या व्यवस्थेशी आहे.

अबोली_वालेन्सिया

काका, हे वाचून खरंच डोळ्यात पाणी आलं. आईला फोन करून औंधचं विचारलं, ती म्हणाली आजोबा पंचायतीच्या सभेला जायचे, हे मला माहीतच नव्हतं.

शेवटचं एक, फॉर्मवर "हुरो" आणि "प्रोमेतो" असे दोन पर्याय आहेत, शपथ घेते किंवा वचन देते. काही फरक पडतो का?

भटक्या_माद्रिद

कायद्याने काहीच नाही ताई. सांचेझ 2018 ला राजासमोर बायबल आणि क्रूस न ठेवता "प्रोमेतो"च म्हणाले होते.

अबोली_वालेन्सिया

मग मी पण प्रोमेतो. परीक्षा झाली की इथेच कळवते.